कोर्बिएरची बाटली आणि भाऊजींचं पिठलं

अमेरिकेहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "नायगारा पाहिलात का?" नाही पाहिला. न्यूयॉर्कचा तो पुतळाही नाही पाहिला. मी पाहिलं ते ओहायोतलं एक कपाट, शिकागोतलं एक वाणसामानाचं दुकान आणि मिशिगनमधला एक द्राक्षमळा. या तिन्ही ठिकाणांना जोडणारी एक लाल वाइनची बाटली होती, तिची ही हकिगत. ज्यांना धबधबाच हवा असेल त्यांनी आमच्या शेजारच्या कुलकर्ण्यांना गाठावं, त्यांनी अडीचशे फोटो काढलेत.

आधी माणसं सांगते. माझी थोरली बहीण सुधाताई लग्न करून अमेरिकेला गेली, ती तिकडचीच झाली. तीन वर्षांपूर्वी ती आजारपणात वारली. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, ओहायोतल्या कोलंबस शहराच्या कडेला डब्लिन नावाच्या गावात एकटे राहतात. आयुष्यभर एका विमा कंपनीत कॉम्प्युटरची कामं केली, आता निवृत्त आहेत. त्यांना एकच मुलगी, रिया. तिकडेच जन्मलेली, तिकडेच इंजिनिअर झालेली. आई गेल्यावर सहा महिन्यांत या पोरीने चांगली नोकरी सोडली आणि मिशिगनमधल्या एका वाइनच्या मळ्यावर कामाला लागली. भाऊजींनी ते जे मनाला लावून घेतलं ते घेतलंच. दर रविवारी बाप-लेक फोनवर चार मिनिटं बोलायची. हवा कशी आहे, गाडीचं ऑइल बदललं का, जेवलीस का, ठेवतो. दोन वर्षांत मळ्यावर म्हणून भाऊजींनी पाऊल ठेवलं नव्हतं.

आणि आता रिया त्याच वाइनच्या कामासाठी तीन वर्षं फ्रान्सला निघाली होती, येत्या गुरुवारी. भाऊजींचं वय चौऱ्याहत्तर. तीन वर्षं हा काही लहान काळ नव्हे, हे मला नाशिकमध्ये बसून कळत होतं, त्यांना डब्लिनमध्ये बसून कळत नव्हतं. म्हणून मी तिकीट काढलं. ती उडायच्या आत या दोघांना एका टेबलाशी बसवायचं, एवढाच माझा कार्यक्रम होता.

डब्लिन, शुक्रवार

डब्लिनमध्ये सगळं हिरवं, सगळं कापलेलं आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. भाऊजींच्या घरात मात्र ताईच्या हातचं सगळं जसंच्या तसं होतं, फोडणीच्या डब्यातला चमचासुद्धा. मला पहिल्या दिवशी फार गलबलून आलं, आणि ते लपवायला मी हॉलमधलं कपाट आवरायला घेतलं.

ते कपाट म्हणजे आपला आहेराचा कप्पा. आपल्याकडे आलेले ब्लाउजपीस, टॉवेल, स्टीलचे डबे ज्यात जातात आणि पुढच्या हळदीकुंकवाला ज्यातून बाहेर पडतात तोच. मी एकदा एक मोहरीच्या रंगाचा ब्लाउजपीस एकीला दिला होता, तो चार वर्षांनी दुसरीकडून माझ्याच ओटीत पडला, घडीसुद्धा मोडली नव्हती. अमेरिकेत ब्लाउजपीसची जागा मेणबत्त्यांनी, फोटोफ्रेमींनी आणि वाइनच्या बाटल्यांनी घेतली आहे, पण फिरण्याची रीत तीच. न पिणारा न पिणाऱ्याला बाटली देतो, तो तिसऱ्या न पिणाऱ्याला. उंची बाटलीएवढीच असलेल्या रंगीत पिशव्यांची एक चळत ताईने जपून ठेवली होती.

संध्याकाळी रियाचा फोन आला. स्पीकर लावलेला होता.

"बाबा, मावशीला घेऊन येतोयस ना? फॉर रिअल?"

"येतोय, येतोय."

"आणि यू नेव्हर रिअली टोल्ड मी. ती दिवाळीला पाठवलेली वाइन. कशी वाटली?"

"छान होती की," भाऊजी म्हणाले. "अगदी छान. स्मूथ."

फोन ठेवल्यावर मी नुसती त्यांच्याकडे पाहत राहिले. भाऊजींना खोटं बोलता येतं, पण नंतर गप्प बसता येत नाही.

"उघडलीच नाही गं, शालू. हाताला बाटली लागली, कागदसुद्धा काढला नाही. देऊन टाकली कुणाच्या तरी गृहप्रवेशाला. अगं, नेटवर बघितलं, यांच्याकडची रेड बारा डॉलरला मिळते. एवढा जॉब सोडला आणि बापाला काय, तर बारा डॉलरची बाटली!"

"तिला आता तसं सांगणार का?"

"वेडी आहेस का? छान होती म्हणालो ना. विषय संपला."

डेव्हन ॲव्हेन्यू, शनिवार

नकाशात पाहिलं तर डब्लिनहून मळा सरळ वायव्येला. आम्ही मात्र शिकागोमार्गे निघालो, म्हणजे नाशिकहून पुण्याला जायला मुंबई गाठण्यासारखं. कारण विचारलं तर भाऊजी म्हणाले, "बेसन घ्यायचंय."

"डब्लिनला बेसन मिळत नाही?"

"मिळतं. पण डेव्हनसारखं नाही."

माणूस दातांच्या डॉक्टरकडे जाताना रस्त्यात जशी कामं काढतो तशातलाच हा प्रकार होता. मी सहा तास मक्याची शेतं पाहिली.

डेव्हन ॲव्हेन्यू ही शिकागोतली आपल्या लोकांची पेठ पाहिल्यावर मात्र माझा राग गेला. साड्यांची दुकानं, मिठाईची दुकानं, पदपथावर टरबुजांचे ढीग, आणि मधूनच शहराची बस येऊन या सगळ्याला भोंगा देते. पार्किंगसाठी भाऊजींनी सात चकरा मारल्या आणि शेवटी एक मोकळी जागा पाहून विजयी मुद्रेने गाडी लावली. ती जागा आगीच्या बंबाच्या नळासमोरची होती म्हणूनच मोकळी होती. आम्ही परत आलो तेव्हा काचेवर दंडाची पावती फडफडत होती. तोवर दुकानात त्यांनी बेसनाच्या पाच कंपन्यांची पाकिटं हाताळली होती, एकाचा कोपरा नाकाला लावून वास घेतला होता आणि गल्ल्यावरच्या बाईंना, "लाडूचं जाड नको, पिठल्याचं बारीक हवं," असं दोनदा बजावलं होतं. स्वयंपाकातलं एक पिठलं तेवढं भाऊजींना येतं. ताई दवाखान्यात असताना रिया आणि ते त्यावरच जगले होते.

रात्रीचा मुक्काम नीलावहिनींकडे होता, भाऊजींच्या जुन्या स्नेह्यांकडे. वहिनींनी भरली वांगी केली होती आणि निघताना सकाळी, आपल्या रीतीप्रमाणे, रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून त्या आतल्या कपाटाकडे धावल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात नाताळच्या सांबरांचं चित्र असलेली उंच पिशवी होती. दिवस जूनचे होते.

"रियाला द्या हो. ती वाइनच्याच लाइनमध्ये आहे ना, तिला कळेल तरी. आमच्याकडे कोण पितंय? घर तापवायची भट्टी असते ना, त्या फर्नेसच्या कपाटात नुसती पडून आहे."

वाइनच्या मळ्यावर वाइन घेऊन जायची ही कल्पना मला भलतीच गमतीची वाटली. भाऊजींना मुळीच नाही. त्यांना हायसं वाटलं, कारण मुलीसाठी काही घ्यायचं त्यांच्या लक्षातच नव्हतं. ब्लाउजपीसचा अनुभव असलेल्या बाईला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण मी पोहे खात होते.

मळ्यावर, रविवार

शिकागो आणि मिशिगन यांच्यामध्ये घड्याळ एक तास पुढे जातं. भाऊजींना पस्तीस वर्षं हे माहीत आहे, त्या दिवशी ते विसरले. बाराला जेवायला बोलावलं होतं, आम्ही एकला पोचलो. रिया फाटकापाशी उभी होती, उन्हाने रापलेली, पायात गमबूट, चेहरा थेट ताईचा. मला तिने घट्ट मिठी मारली. बापाला मारली ती अर्धी.

नाशिकची असूनही मला तिथल्या वेलींचं नवल वाटलं. आपल्याकडे द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो, इथे वेली गुडघ्यापासून छातीपर्यंत तारेवर ओळीने उभ्या, शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिलेली मुलंच. पलीकडे समुद्रासारखं सरोवर. त्या पाण्यात उन्हाळ्याची ऊब साठून राहते म्हणून काठावरची द्राक्षं थंडीतून वाचतात, पण लाल वाण काही मनासारखे पिकत नाहीत, असं रिया म्हणाली. म्हणून मळ्याची स्वतःची वाइन पांढरी, आणि लाल येते ती फ्रान्सहून.

ती का येते, हे मळ्याच्या मालकीणबाईंनी, ओदेतबाईंनी सांगितलं. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, बोलणं पक्कं अमेरिकन. त्यांचे आजोबा आणि आजोबांचे थोरले भाऊ दक्षिण फ्रान्सातल्या कोर्बिएर नावाच्या डोंगराळ भागातले. वडिलांनी वाटण्या केल्या. थोरल्याला जुन्या वेलींचा उतार मिळाला, धाकट्याला खालचा सपाट तुकडा. धाकटा रागाने बोटीत बसला तो इथे येऊन पोचला. ऐकताना भाऊजींनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं, कारण ही गोष्ट ऐकायला फ्रान्सपर्यंत जायची काहीच गरज नव्हती.

इथे मळा उभा राहतोय तोच अमेरिकेत दारूबंदी आली. आजोबा द्राक्षांचा घट्ट रस विकायला लागले. खोक्यावर इशारा छापलेला असे, की हा रस साखर घालून उबदार अंधाऱ्या कोपऱ्यात मुळीच ठेवू नये, नाहीतर त्याची वाइन होईल. गिऱ्हाइकं तो इशारा फार मन लावून वाचत. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे प्यायचा सरकारी परवाना मिळतो, तो तब्येतीसाठी असतो, आणि आमच्या घरचे गृहस्थ त्या परवान्यावर चांगले ठणठणीत आहेत. ओदेतबाई काठी आपटून हसल्या.

मग त्या आम्हांला तळघरात घेऊन गेल्या. भिंतीतल्या एका कोनाड्यात धुळीने माखलेल्या तेवीस बाटल्या आडव्या रचलेल्या होत्या. दारूबंदी उठल्यावर थोरला भाऊ दर वर्षी सुगी झाली की आपल्या उतारावरची एक बाटली धाकट्याला पाठवायचा. धाकट्याने एकही उघडली नाही आणि एकही फेकली नाही. थोरला गेला तेव्हा बाटल्या यायच्या थांबल्या. पुढच्या पिढीने पत्रं लिहून संबंध जोडले आणि मळ्यावर त्या उताराची लाल वाइन यायला लागली. कोनाड्यातल्या बाटल्यांचं मात्र केव्हाच व्हिनेगर झालंय.

"काय हट्टी माणूस!" भाऊजी मनापासून म्हणाले. "भावानं एवढ्या प्रेमानं पाठवलेली, एकदा उघडून बघायला काय झालं होतं?"

"आय नो, राइट?" रिया म्हणाली. दोन वर्षांत बाप-लेकीचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

जेवणाआधी तिने आम्हांला चव घ्यायला बसवलं आणि एखाद्या मास्तरणीसारखा पाठ दिला. स्वस्त आणि चांगली फ्रेंच लाल वाइन हवी तर मोठ्या नावांच्या मागे लागू नये, कारण तिथे नावाचेच पैसे जातात. हे मला लगेच पटलं, पेटीवर देवगड लिहिलं की आंब्याचं तेच होतं. दक्षिणेकडची डोंगराळ गावं शोधावीत. वेली जुन्या, माणसं कष्टाळू, नाव कुणी ऐकलेलं नाही. प्यायच्या आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवावी.

"आणि ही साठवायची नाही, मावशी. महागडी वाइन लोक ठेवतात. ही आत्ता प्यायची. दोन-तीन वर्षांत संपवायची. कपाटात ठेवून शी डझन्ट गेट एनी बेटर."

"बारा डॉलरची ना?" भाऊजींनी विचारलंच.

"बारा. बाबा, दॅट्स द होल पॉइंट. हंड्रेड डॉलरची चांगली वाइन कुणीही शोधेल. मी त्या उतारावर जाऊन, दोनशे पिंपं चाखून ही निवडली, सगळ्यात जुन्या वेलींची. माझं पहिलं सिलेक्शन. तुला पाठवली होती तीच."

भाऊजींनी मान हलवली. मी आयुष्यातला पहिला घोट घेतला. जांभळं खाल्ल्यावर जीभ होते तशी झाली, आणि मग पोटात गोड ऊब उतरली. साठ वर्षं मी द्राक्षांच्या गावात राहून उगाच सोवळं पाळलं, असं मला स्वच्छ वाटलं.

मग जेवणाच्या टेबलाशी भाऊजींनी सांबरांची पिशवी काढून मोठ्या थाटात मुलीपुढे ठेवली. "तुझ्यासाठी."

रियाचा चेहरा असा उजळला की मला तिला थांबवावंसं वाटलं, का ते कळेना. तिने पिशवीत हात घातला. आत दुसरी पिशवी निघाली, गणपतीच्या चित्राची. तिला चिठ्ठी होती, "देसाई कुटुंबाला, पाटकांकडून." रिया हसली. "बाबा, हे काय, मॅजिक शो?" त्या पिशवीच्या आत तिसरी निघाली, सूर्यफुलांची. ती मी शुक्रवारीच पाहिली होती. तशाच सहा ताईच्या चळतीत होत्या.

भाऊजींनीही ती ओळखली. त्यांचा हात टेबलावर पुढे आला, पण तोवर उशीर झाला होता. सूर्यफुलांच्या पिशवीतून निळ्या कागदातलं पुडकं बाहेर आलं, टेप तशीच्या तशी. त्यावर रियाच्या वळणदार नसलेल्या मराठी अक्षरांत लिहिलं होतं, "बाबांना. हॅपी दिवाळी."

रियाने कागद सावकाश काढला. आत बाटलीच्या मापाची शिवलेली एक थैली होती, हिरव्या इरकलीची, लाल काठ. ताईची साडी. माझ्या मंगळागौरीला नेसली होती ती.

"यू सेड इट वॉज स्मूथ," रिया म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्याचीच मला भीती वाटली. ती उठली आणि वेलींच्या दिशेने चालायला लागली.

मला भाऊजींचा संताप आला, पण त्यांचा चेहरा पाहून तो विरला. त्यांनी थैलीचा काठ बोटांनी चाचपला. मग बाटली बाहेर काढली, चष्मा लावला आणि उलटी फिरवून मागचं लेबल वाचायला लागले. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग बाटली माझ्याकडे सरकवली. इंग्रजीत बारीक अक्षरांत छापलं होतं, "डोंगरउतारावरच्या जुन्या वेलींची लाल वाइन. माझे बाबा करतात त्या पिठल्याबरोबर उत्तम."

"आमची सगळी गिऱ्हाइकं विचारतात," ओदेतबाई म्हणाल्या, "हे पिठलं म्हणजे काय? त्या वर्षीच्या प्रत्येक बाटलीवर छापलंय तिने."

भाऊजी उठले. गाडीतून बेसन आणलं. "शालू, कांदा चीर," म्हणाले. ओदेतबाईंच्या स्वयंपाकघरात मोहरी नव्हती, जिरं होतं, लसूण हवा तेवढा. हळद सापडेना, ती माझ्या पर्समध्ये सर्दीसाठी पुडीत बांधलेली निघाली. भाऊजींच्या हातून पिठाच्या गुठळ्या झाल्या. त्या त्यांनी एकेक करून डावाने मोडल्या. फोडणीचा वास खिडकीतून मळ्यात गेला.

रिया दारात येऊन उभी राहिली. डोळे लाल होते. तिने टेबलावरची बाटली उचलली आणि धंद्यातल्या नजरेने पाहिली.

"बूच वर आलंय. हीट डॅमेज. कुठे ठेवली होती ही?"

"फर्नेसच्या कपाटात," मी खाली मान घालून म्हणाले.

"मग गेली असणार. मी दुसरी आणते."

"हीच उघड," भाऊजी म्हणाले.

"बाबा, इट्स कुक्ड. खराब झालीय."

"हीच उघड. मला पाठवली होतीस ना?"

तिने बूच काढलं, वास घेतला, नाक मुरडलं आणि थोडी ओतली. भाऊजींनी ग्लास पुढे धरून ठेवला तेव्हा अजून ओतली. पिठल्याचा एक घास आणि एक घोट, असं करत त्यांनी तो ग्लास शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. मी चोरून एक घोट घेऊन पाहिला होता. शिळ्या मनुकांना चिंचेत भिजवल्यासारखी लागत होती.

"कशी वाटली?" रियाने विचारलं. शुक्रवारी फोनवर विचारलं होतं त्याच शब्दांत.

भाऊजींनी तोंड पुसलं. "वाईट. फारच वाईट," ते म्हणाले. "तू पाठवलीस तेव्हा छान होती. मी घालवली." मग ग्लास खाली ठेवून, "अगं, मला राग वाइनचा नव्हताच. आई गेली आणि लगेच तूही घर सोडलंस."

रियाने ताटातलं पिठलं बोटाने चाखलं. "गुठळ्या आहेत," ती म्हणाली आणि रडायला लागली. या वेळी तिने बापाला मारलेली मिठी पुरी होती. ओदेतबाई मात्र पिठल्याची वाटी कडेने खरवडत होत्या.

गुरुवारी रिया फ्रान्सला गेली. विमानतळावर तिला सोडायला भाऊजी आणि मी दोघंही होतो. दिवाळीत तिकडे जायचं तिकीट त्यांनी आत्ताच काढून ठेवलंय, आणि इरकलीची थैली त्यांच्या फोडणीच्या डब्याशेजारी टांगली आहे.

मळ्यावरून येताना त्यांनी त्या लाल वाइनचा एक खोका आणला. तेव्हापासून ते पाटकांकडे, देसायांकडे, शिकागोला नीलावहिनींकडे, ज्या ज्या घरातून ती बाटली फिरली त्या प्रत्येक घरी जाऊन आले. बाटली पिशवीत न घालता नेतात, खिशात बूच काढायचा स्क्रू असतो. समोर उघडून, ग्लासात ओतून, मागचं लेबल मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय सोफ्यावरून उठत नाहीत. जो म्हणतो आम्ही पीत नाही, त्यालाही निदान वास घ्यावा लागतो. पिठल्याचा डबा ते घरूनच घेऊन जातात.